बेचाळीस अंश

मी दुकानात शिरले तेव्हा तो एका उलट्या लॅपटॉपच्या पोटाला कान लावून बसला होता. मला वाटलं, झोप लागलीय. मी खाकरले, तर त्याने डोळे न उघडताच बोट वर केलं – थांबा. अर्ध्या मिनिटाने तो सरळ झाला.

"पंखा घासतोय," तो म्हणाला. "बोला."

पुढच्या काउंटरवर नवे लॅपटॉप विकले जात आणि मागच्या टेबलावर तो जुने दुरुस्त करत असे. विकणारा माणूस जेवायला गेला होता, म्हणून मी दुरुस्तीवाल्याच्या वाट्याला आले. मला गेम खेळायला एक लॅपटॉप हवा होता. स्वस्तातला, पण पैसे वसूल होतील असा. त्याने साहजिकच विचारलं, मुलगा केवढा आहे?

"एकसष्ट वर्षांचा," मी म्हटलं.

बाबांनी चौतीस वर्षं शहराची बस चालवली. आता त्यांना कमरेखाली काही जाणवत नव्हतं, आणि मणक्यातली गाठ वर सरकत होती. रुग्णालयात शेजारच्या खाटेवरच्या माणसाने त्यांना फोनवर एक खेळ दाखवला होता. त्यात बस चालवायची असते. फक्त बस – थांबे घेत, प्रवासी चढवत-उतरवत. बाबांनी काही मागणं कधीच सोडून दिलं होतं, पण हे मागितलं. यातलं त्या दिवशी मी त्याला एवढंच सांगितलं की खेळ बसचा आहे आणि लॅपटॉप मांडीवर राहणार आहे.

"स्वस्त म्हणजे कुठेतरी हात आखडलेला असतो," तो म्हणाला. "गेमची चिप चांगली घालतात, कारण जाहिरातीत तीच दिसते. मग पडदा फिका, बॅटरी दीड तासाची, बिजागरी नाजूक. यातलं काय कमी असलेलं चालेल ते सांगा. मग घ्यायचा की नाही ते मी सांगतो."

दुकानात इतका नेमका प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. आमच्या खोलीत ऊन येत नाही, तेव्हा फिका पडदा चालणार होता. खाटेशेजारी प्लग होता, तेव्हा बॅटरीही.

"बिजागरी दोन वर्षांत सुटेल. तुम्ही किती वर्षं वापरणार?"

"एक हिवाळा."

तो हसला. मग भाड्यानेच घ्या की, असं काहीतरी म्हणायला लागला आणि माझ्याकडे पाहून मध्येच थांबला. हसू तसंच अर्धवट राहिलं. त्याने माफी मागितली नाही, हळहळ केली नाही. टेबलाखालचं स्टूल पायाने माझ्याकडे सरकवलं, एवढंच. ते मला बरं वाटलं.

मी पिशवीतून माझं तापमापक काढलं. बारीक तारेचं, चिकटवता येणारं. मी एका प्रयोगशाळेत तापमापकं बरोबर दाखवतात की नाही ते तपासते. लॅपटॉपच्या तळाला तार लावली आणि त्याला म्हटलं, आता हा खेळ तासभर चालवा.

"तळाचं कोणी विचारत नाही," तो म्हणाला.

सुन्न कातडी चव्वेचाळीस अंशांवर काही तासांत भाजते, आणि ज्याची भाजते त्याला पत्ता लागत नाही. मी हे सांगितलं तेव्हा त्याने खेळ लावला. पन्नास मिनिटांनी आकडा अठ्ठेचाळीसवर पोचला. मी म्हटलं, बेचाळीसच्या वर एक अंशही नको.

पुढचे चार दिवस जेवणाच्या सुट्टीत मी तिथे होते. तो चिपचा जोर थोडा कमी करायचा, मी तापमापकाचं वाचन घ्यायचे. थंडी कडक होती आणि दुकानाचं दार सतत उघडं. तिसऱ्या दिवशी त्याने लॅपटॉप फिरवला, गरम हवा फेकणारी बाजू माझ्या बोटांकडे केली आणि पेचकस शोधायला लागला. पेचकस त्याच्या हातातच होता.

"तुमच्याकडे माणसांचंही तापमान तपासतात?" त्याने विचारलं.

"नाही. माणसं स्थिर बसत नाहीत."

"मी बसतो की तासभर."

"मघापासून चार वेळा उठलात."

"मोजलंत...?"

मी आकड्याकडे पाहत राहिले. आकडा पुष्कळ वेळ बदलला नव्हता.

पाचव्या दिवशी तापमान एकेचाळीस पूर्णांक आठवर टिकलं. दोन वर्षं वापरणाऱ्याला मी हा नको म्हटलं असतं, तो म्हणाला, पण तुम्ही घ्या. आम्ही दोघं तेव्हा एखादा रोग बरा केल्यासारखे खूश होतो.

बाबांनी पहिले तीन दिवस बस चालवली. लॅपटॉप टेबलावर नको, मांडीवरच हवा, असा त्यांचा हट्ट होता. टेबलापर्यंत हात वर करून पोचावं लागतं, मांडीवर गाडी ताब्यात असते. चौथ्या दिवशी त्यांनी एकच फेरी केली. सहाव्या दिवशी झाकण मिटलं आणि भिंतीकडे तोंड केलं. आता हात जातील, असं डॉक्टर म्हणालेच होते. मी मनात नोंद केली – हात गेले. अंदाजापेक्षा लवकर.

दुरुस्तीवाला मात्र घरी येत राहिला. पंख्यात धूळ बसते म्हणून एकदा, चार्जरचा आवाज ऐकायचाय म्हणून एकदा. आमच्या घरात तिसरं माणूस म्हणजे आत्या, बाबांची मोठी बहीण. ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "लॅपटॉपवाला आठवड्यात तिसऱ्यांदा आला. वस्तू एवढी बिघडत असेल तर परत करा, नाहीतर ह्यालाच ठेवून घ्या." त्याचे कान लाल झाले. मी त्याला थांब्यापर्यंत पोचवायला जायचे. तिथे आम्ही पंखे, तारा, गाठी असं काहीबाही बोलायचो, आणि त्याच्या घराकडे जाणाऱ्या दोन-तीन बस तशाच निघून जायच्या.

एकदा तो आला तेव्हा मी बाबांना पाणी पाजत होते. त्याने विचारलं, काका, आज गाडी नाही काढली?

"हात उरले नाहीत," बाबा म्हणाले. "चौकात गाडी नुसती उड्या मारते. वळण घेतो तिथे मी असतो, गाडी नसते. तीन माणसांना उडवलं. चौतीस वर्षांत एक कोंबडी नाही मारली मी."

तो लॅपटॉप घेऊन खाटेच्या कडेला बसला आणि स्वतः बस काढली. मोकळ्या रस्त्यावर ती नीट पळाली. मग गजबजलेला चौक आला आणि बस खरोखर उड्या मारायला लागली. त्याने कुठली तरी कळ दाबली, कोपऱ्यात एक आकडा उमटला. त्या आकड्याकडे तो बराच वेळ बघत होता.

खेळातलं चित्र सेकंदाला साठ वेळा बदललं तर हालचाल अखंड दिसते. तिथे अठरा होतं. दुकानात आम्ही खेळ तासन्तास चालवला होता, पण सुरुवातीच्या रिकाम्या रस्त्यावर. तिथे जोर कमी केलेली चिप पुरत होती. गर्दीत पुरत नव्हती. आम्ही दोघांनी पाच दिवस तळाचं तापमान पाहिलं आणि गाडी कशी चालते हे चालकाला एकदाही विचारलं नाही.

तो गप्प राहून सेटिंग बदलू शकला असता. कुणाला कळलं नसतं.

"काका," तो म्हणाला, "हात तुमचे नाहीत बिघडलेले. मी गाडी आवळून ठेवली होती."

बाबांना समजायला वेळ लागला. मग ते छताकडे बघत म्हणाले, "बारा दिवस मी स्वतःला मोडीत काढलं होतं रे."

त्यांच्याकडे दिवसच मोजके होते, आणि त्यातले बारा आम्ही खाल्ले होते. मला त्याचा संताप आला. आणि त्याच क्षणी, खरं बोलून मान खाली घालून बसलेल्या त्या माणसाबद्दल... दुसरंही काही वाटलं, ज्याला तेव्हा जागा नव्हती. त्या दिवशी मी त्याला थांब्यापर्यंत पोचवायला गेले नाही.

दुसऱ्या दिवशी तो एक फळी घेऊन आला. कुठल्याशा जुन्या कपाटाच्या खणाची, दोन्ही बाजूंना पाय ठोकलेली, कडा घासून गुळगुळीत केलेली. ती बाबांच्या मांड्यांवरून पुलासारखी बसली, खाली चार बोटं हवा. वर लॅपटॉप, आता पूर्ण जोरात. फळीखाली मी तार लावली, तिथे सव्वीस अंश होते.

जिन्यात मी त्याला म्हटलं, "बेचाळीसचा आकडा माझा होता."

"आकडा बरोबर होता," तो म्हणाला. "पुरेसा नव्हता." मग म्हणाला, "काल थांब्यावर मी पाऊण तास उभा होतो. तुम्ही याल, असं..."

"आज येते," मी म्हटलं.

त्यानंतर बाबांनी तेवीस दिवस बस चालवली. सकाळी आत्याकडून दाढी करून घेऊन ते 'ड्यूटी'वर बसत. लॅपटॉपचं त्यांचं मत त्यांनी एकदाच दिलं: पडदा मळलेल्या काचेसारखा, आवाज गिरणीसारखा, पण ब्रेक वेळेवर लागतो, आयुष्यात याहून वाईट गाड्या मिळाल्यात.

मग हात खरोखर गेले. आधी डावा, चार दिवसांनी उजवा. या वेळी चूक कुणाचीच नव्हती. मला वाटलं, आता ते पुन्हा भिंतीकडे वळतील. पण त्यांनी त्याला बोलावून घेतलं, फळी त्याच्या पुढ्यात ठेवायला लावली आणि म्हणाले, "तू चालव. मी सांगतो."

तो फार वाईट चालवायचा. बाबांचा आवाज बारीक झाला होता, पण शिव्या शाबूत होत्या. आरसा बघ. दार लाव आधी. अरे, पोती नाहीयेत आत, माणसं आहेत. मी कामावरून आले की दारातूनच ऐकायचे आणि कितीतरी वेळ चपला काढत उभी राहायचे. घरात कुणीतरी कुणावर तरी ओरडतंय, याचं एवढं सुख असतं हे मला माहीत नव्हतं.

एका गुरुवारी माझी सुट्टी होती. जेवणं झाल्यावर तो नेहमीसारखा खाटेशेजारी स्टूलवर बसला, मी उशाशी. बस एका थांब्यावर उभी होती, दार उघडं, माणसं चढत होती. बाबा 'चल' म्हणाले की तो निघायचा. माणसं चढून झाली. तो थांबला. आम्हाला वाटलं, बाबांना डुलकी लागली असेल. लॅपटॉपचा पंखा चालू होता, त्यामुळे खोलीतला दुसरा आवाज बंद झालाय हे कळायला वेळ लागला. मी त्यांच्या मनगटावर बोटं ठेवली. मग मानेवर. मग पुन्हा मनगटावर, कारण एका वाचनावर विसंबायचं नसतं.

आत्या आली. तिने पाहिलं, भावाचे डोळे मिटले, चादर सरळ केली. डॉक्टरांना मी फोन केला. त्यांना यायला तासभर लागणार होता.

पडद्यावर प्रवासी कुरकुरायला लागले होते. गाडी फार वेळ थांबली की ते पाय आपटतात, खेळातच तसं आहे. त्याने बंद करायला हात पुढे केला.

"रस्त्यात नका सोडू," आत्या म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता. "माझ्या भावाने कधी सोडली नाही. डेपोत लावा, मग काय ते करा." आणि ती खाटेच्या पायथ्याशी, बाबांच्या पायांवर हात ठेवून बसली.

त्याने दार लावलं. आरसा पाहिला. डेपो सहा थांबे पुढे होता. दोन थांबे त्याने नीट घेतले. तिसऱ्याच्या आधी मला दिसलं की त्याचे डोळे भरलेत आणि त्याला रस्ता दिसत नाहीये. मी माझं स्टूल त्याच्या स्टूलला लावून ठेवलं आणि त्याच्या मनगटावर हात ठेवला. ते गरम होतं. किती, ते मी मोजलं नाही.

"पुढे वळण आहे," मी म्हटलं. "हळू घे."

मी 'घ्या' म्हणाले नव्हते. ते आम्हा दोघांच्याही लक्षात आलं. त्याने वेग कमी केला.