शेवंतीचं वावडं

तो पहिल्यांदा दवाखान्यात आला तेव्हा त्याचे डोळे इतके सुजले होते, की माझ्याऐवजी तो वजनकाट्यापाशी उभ्या बाईशीच बोलायला लागला.

"सिस्टर, नंबर लावायचाय..."

"सिस्टर इकडे आहे," मी म्हणाले.

तो हसला — आणि ओठाच्या भेगा ताणल्या म्हणून लगेच कळवळला.

त्वचेच्या त्या दवाखान्यात मी नर्स होते. अंगावर नेमकं काय उठतंय ते शोधायला डॉक्टरांनी पाठीवर पट्ट्या लावायला सांगितल्या. प्रत्येक पट्टीत एकेका झाडाचा अर्क. मी पट्ट्या चिकटवून पेनाने खुणा करत होते.

"हलू नका... गुदगुल्या होतायत का?"

"होतायत. पण तुम्ही सावकाश लिहा."

माझे कान तापले. बरं झालं, त्याची माझ्याकडे पाठ होती!

पट्ट्या काढल्या तेव्हा गाजरगवताच्या जागी नुसती लाली होती. शेवंतीच्या जागी मात्र टरारून फोड आले होते. त्याच्या घरची बागच शेवंतीची. वडील थकलेले, हा एकुलता एक.

"दुसरं काहीही चाललं असतं," तो पुटपुटला. "नेमकं हिचंच वावडं?"

मग तो मलमासाठी येऊ लागला. नंतर मलम न संपताही.

"मुलीला भेटायला जाताना लोक फुलं नेतात," एकदा चहा पिताना तो म्हणाला. "मी काय नेऊ?"

"तूच ये की... नुसता."

त्याने लग्नाचं विचारलं तेव्हा मी एकच अट घातली — बाग सोड. माझ्या मामाने त्याला फरशीच्या दुकानात चिकटवलं. हळूहळू कातडी निवळली, आणि त्याचा खरा चेहरा मला पहिल्यांदा दिसला. किती देखणा होता! पण बोलणं आटत गेलं. चहा तसाच निवायचा.

एका संध्याकाळी तो बसस्टॉपवर आला. पापण्या पुन्हा लाल.

"बागेत गेला होतास?"

"रोज जातोय. नोकरी सोडली. बाबांना एकट्याने झेपत नाही... आणि खरं सांगू? मलाच तिथे बरं वाटतं."

"अंगाची सालटी निघतात, आणि बरं वाटतं?"

"हो."

"आणि मी?"

तो एक पाऊल जवळ आला.

"तू ये ना माझ्याकडे. पण रोज हा चेहरा बघशील, आणि रोज तुझे डोळे म्हणतील — मी सांगितलं होतं." त्याने माझा हात धरला. खरखरीत, भेगाळलेला तळवा. "डोळे तसं म्हणणार नाहीत, एवढंच बोल. मग मी थांबतो."

मी तोंड उघडलं. पण नजर त्याच्या गळ्यावरच्या ताज्या चट्ट्यावर गेली... आणि तेवढंच त्याने पाहिलं.

त्याने माझा हात सोडला. बस आली, तो खिडकीपाशी बसला. मी हाक मारली ती बस निघाल्यावर.