मनगटावरचा विंचू

धानपट्ट्यातल्या गोरेगावच्या कॉलेजात भूगोल शिकवणाऱ्या नीतू बिसेनकडे दहा दिवसांसाठी एक छायाचित्रांचं प्रदर्शन सोपवलं होतं. नागपूरच्या टीना नावाच्या छायाचित्रकार बाईंनी देशोदेशीच्या धनाढ्य घरांत काढलेले चाळीस फोटो. कुत्र्याच्या वाढदिवसाचा तीन मजली केक. गच्चीवरचा पोहण्याचा तलाव आणि खाली रस्त्यावर टँकरपुढे लागलेली हंड्यांची रांग. सभागृहाच्या खिडक्यांतून कापलेल्या धानाचा वास यायचा. पोरं केकपाशी थांबत, हसत, पुढे जात.

बाजाराच्या दिवशी चमेलीबाई पाणी प्यायला आत आली. चोरखमारा तलावापलीकडच्या जंगलातल्या गावची. गवताचे झाडू विकायची. जाता जाता ती एका फोटोपाशी थबकली. संगमरवरी जिना, मखमली कोटातला पाचेक वर्षांचा गोरा मुलगा, आणि चौकटीच्या कडेतून त्याच्या खांद्यावर आलेला एक सावळा हात. मनगटापर्यंतच.

"हा माह्या चंचलचा हात हाय," ती म्हणाली.

मनगटावर विंचू गोंदलेला होता. नांगी अर्धीच.

"लहान होती. रडून हात ओढला, म्हून तेवढी रायली."

नऊ वर्षांपूर्वी चंचलला एका माणसानं घरकामाला दिल्लीला नेलं होतं. तिथून पुढे कुठे, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. एवढ्या वर्षांनी धागा सापडला, असं वाटून नीतूनं तिथूनच टीनाला फोन लावला.

"जिन्यावरच्या मुलाबरोबर कोण होतं?"

"कोणीच नाही. एवढ्या मोठ्या घरात एकटाच होता. म्हणून तर काढला."

टीनानं मूळ फोटो पाठवला. मोबाइलवर मुलगा एकटा होता. भिंतीवर नव्हता.

छपाईत काही गडबड झाली असेल, असं नीतूनं स्वतःला सांगितलं. मग म्हणाली, "मावशी, उद्या पोलीस ठाण्यात जाऊ. मी अर्ज लिहून देते."

"अर्ज लय देल्ले, मॅडम. मी इथंच बसतो."

दुसऱ्या दिवसापासून ती रोज येऊ लागली. फोटोसमोर जमिनीवर बसून गोंडीत हलक्या आवाजात बोलत राहायची. घरी आलेल्या माणसाशी बोलावं, तसं. नीतूला राहवेना. तिनं पट्टी आणून हात मोजला. सात सेंटीमीटर. दोन दिवसांनी पुन्हा मोजला. सतरा. आता कोपर दिसत होतं. तिनं कोणाला सांगितलं नाही. बाकी कोणाच्या लक्षातही आलं नाही.

सातव्या दिवशी चमेलीबाई आली नाही.

फोटोतला हातही नव्हता. मखमलीवर चार बोटांच्या सुरकुत्या तेवढ्या राहिल्या होत्या. मुलगा आता समोर बघत नव्हता. मान वळवून चौकटीच्या कडेकडे बघत होता.

दुपारी नीतूनं स्कूटी काढली आणि विचारत विचारत गाव गाठलं. चमेलीबाई अंगणात झाडू बांधत होती. तिचा चेहरा उजळला होता.

"आली का, मावशी?"

"आली."

नीतूचा जीव भांड्यात पडला. "कुठे आहे? भेटू द्या ना."

"अजून नाई, मॅडम. पानी प्या पयले." दाराकडे वळून तिनं हाक दिली, "चंचल, पानी दे वं."

दार वीतभर उघडलं. पितळी तांब्या धरलेला हात बाहेर आला. नीतूनं तांब्या घेतला. बोटं ऊबदार होती. मनगटावर विंचू होता.

तिनं फटीतून आत पाहिलं. तिची नजर थेट पलीकडच्या मातीच्या भिंतीवर गेली. मधे कोणी नव्हतं.

"भेवू नका," चमेलीबाई झाडूची गाठ आवळत म्हणाली. "थोडी थोडी येऊन रायली."

नीतू उभ्यानं पाणी प्यायली. तांब्या परत घ्यायला हात तसाच थांबला होता.