बावखलाचं नाक

धवल चुरीला गाडीचं नाक वर न्यायचं होतं, आणि त्यासाठी त्याने मे महिन्यातला एक अख्खा रविवार खर्ची घातला. 'नाक' हा शब्द त्याचा नव्हे. गोखिवऱ्याच्या कारखान्यात साचे बनवणारा माणूस तो, केसाच्या जाडीइतका फरकही त्याला खपत नसे. असले ढोबळ शब्द त्याला आवडायचे नाहीत. पण 'डिफरन्शियलचा ब्रीदर वाढवतोय' म्हटल्यावर हेमालीवहिनीने ज्या नजरेने त्याच्याकडे पाहिलं, त्यानंतर दुसरा इलाज उरला नाही.

गोष्ट साधी होती. फोर-बाय-फोर जीपच्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही एक्सलवर एकेक लोखंडी गोळा असतो. त्यात दातेरी चक्रं आणि तेल. गाडी पळाली की तो तापतो, आतली हवा फुगते आणि वरच्या बोटभर टोपणातून बाहेर जाते. गार झाला की त्याच वाटेने हवा परत आत घेतो. ते टोपण म्हणजे ब्रीदर. आता हा तापलेला गोळा एकदम पुरात बुडाला, तर तो हवेऐवजी पाणी ओढतो. गेल्या जुलैत वसई पूर्वेला कमरेएवढ्या पाण्यातून गाडी काढली, तेव्हा मागच्या गोळ्यातलं तेल दुधाळ चहासारखं झालं होतं. उपाय एकच, की टोपण काढून तिथे नळी जोडायची आणि तिचं तोंड बॉनेटखाली उंच नेऊन बांधायचं.

पापडीला त्यांची केळी आणि सोनचाफ्याची वाडी होती. वाडी बघायचा थोरला भाऊ विपुल. चांगला उंचापुरा, कष्टाळू आणि रागीट. त्याचा हात आधी चालायचा आणि तोंड नंतर. शाळेत धवलची टोपी उडवणाऱ्या पोराचा पुढचा दात विपुलने पाडला होता, आणि त्याबद्दल वडिलांचा मारही हसत खाल्ला होता. धवलचा दादावर जीव होता. धास्तीही होती, पण जीव जास्त.

मागचं टोपण गंजून बसलं होतं. पाना फिरेना. धवलने छिन्नी लावून हातोडा घातला, छिन्नी सटकली आणि बोटांची सालपटं निघाली. रक्ताचे थेंब गोळ्यावर पडून लगेच सुकले.

"भवानी झाली गाडीची," जीपखाली वाकून विपुल म्हणाला. "आता बरकत."

दुपारपर्यंत दोन्ही टोपणं निघाली. नळ्या चेसीच्या कडेने पुढे आल्या, एका सांध्यात मिळाल्या, आणि तिथून बॉनेटच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत न्यायला नळी हातभर कमी पडली. दुकानं बंद. धवल घाम पुसत उभा राहिला आणि त्याची नजर अंगणात उभ्या असलेल्या काळ्या नळीवर गेली.

गाडी उभी होती ते अंगण म्हणजे पूर्वीचं बावखल, वाडीतलं गोड्या पाण्याचं खोल तळं. त्यावरच सगळी बागायत पोसली होती. घरात नळ आला, वाडीत बोअर आली, आणि दोन वर्षांपूर्वी विपुलने पाडलेल्या इमारतींचं डेब्रिज टाकून ते बुजवलं. बाबा तेव्हा अंथरुणाला खिळले होते. पांडुरंग चुरींनी आयुष्यात मुलांना नाही म्हटलं नव्हतं, तेव्हाही म्हटलं नाही. एवढंच म्हणाले, "बुजवताय तर बुजवा. पण नाक ठेवा त्याला." मरणाऱ्या माणसाचं मन मोडायचं कशाला, म्हणून विपुलने ठिबक सिंचनाची एक नळी तळापासून वर आणून गुडघाभर उभी ठेवली होती. बाबा गेले. नळीवर वहिनी फरशीचं फडकं वाळत घालू लागली.

धवलने आतला व्यास बघितला. मापात होता. त्याने जमिनीलगत नळी कापली, राहिलेल्या भोकात डास होतील म्हणून चिखलाचा गोळा ठोकून बसवला, टाचेने दाबला, आणि कापलेला तुकडा गाडीला जोडला.

"बाबांचं नाक कापलंस की रे," विपुल म्हणाला. "वर बुजवलंसही. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात."

दोघंही हसले. वहिनी मात्र हसली नाही. तिला आता फडक्यासाठी दुसरी जागा शोधायची होती.

संध्याकाळी किल्ल्यापर्यंत चक्कर मारून धवलने बॉनेट उघडलं, तेव्हा नळीचं तोंड बारीक शिट्टी घालत हवा ओढत होतं. हे बरोबरच होतं. गोळे तापले होते, आता गार होत होते. कागदाचा कपटा धरला तर तो तोंडाला चिकटून बसला. धवलला मनापासून समाधान वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपटा तिथे नव्हता. आत गेला होता. शिट्टी चालूच होती.

गोळ्याला हात लावला तर मडक्यासारखा गार. गार लोखंड हवा ओढत नाही. आणि ओढली तरी ती जाईल कुठे? एवढ्याशा गोळ्यात रात्रभर ओढलेली हवा मावायची म्हटलं तर तो फुटायला हवा. धवलने तेल भरायचा बोल्ट सैल करून बघितला. तिथून हवा शिरली की नळीचा जोर संपायला हवा होता. संपला नाही. तेल स्वच्छ होतं. तो कारखान्यात गेला आणि दिवसभर साच्यांत चुका करत राहिला.

परतल्यावर नळीच्या तोंडात पाल दिसली. अर्धी. डोकं आणि पुढचे पाय आत ओढले गेले होते, पोट तोंडाशी चेपून फाटलं होतं आणि शेपटी अजून बॉनेटच्या पत्र्यावर सपासप आपटत होती. बघता बघता तीही आत गेली. एवढ्याशा भोकातून पाल कशी जाईल, हे त्याने मनात मोजून बघितलं. जात नव्हती.

मग त्याने शहाण्या माणसाने करू नये ते केलं. नळीच्या तोंडावर अंगठा ठेवला.

नळीने तो धरला. नखाखाली रक्त साकळून काळं झालं, मग पेराची कातडी ताणली जाऊन फाटली. त्याने पाय बंपरला लावून हात हिसडला. सुटला तेव्हा अंगठ्याचं टोक सोललेलं होतं आणि गाडीची चावी त्याच्या खिशात होती. इंजिन बंद होतं. त्याने दोनदा खात्री केली.

"दादा, त्या नळीला हात लावू नको," अंगठ्याला चिंधी बांधत तो म्हणाला. "उद्या आल्यावर काढून टाकतो."

"काढच. गाडीला जोर नाही सकाळपासून," विपुल म्हणाला. "चाफ्याच्या चार टोपल्या नेताना धापा टाकते. तुझ्या नळीने दम कोंडलाय तिचा."

"मी काढतो ना. तू हात लावू नको फक्त."

"गाडी माझीपण आहे, धवल्या."

धवलने तेव्हाच नळी कापायला हवी होती. पण अंगठा ठणकत होता, आणि खरं सांगायचं तर त्याला तिच्याजवळ जायची भीती वाटत होती. कारण कळत नसलेली भीती त्याने आजवर कधी मान्य केली नव्हती, ती त्या संध्याकाळीही केली नाही.

दुसऱ्या दिवशी तो लवकर निघून आला. ऊन अजून उतरायचं होतं. बॉनेट उघडं होतं आणि विपुल बनियनवर, नळीचं तोंड हातात धरून, तिच्यात एक डोळा लावून बघत होता.

"चोकलीय," तो म्हणाला.

ठिबकच्या नळ्या चोकतात तेव्हा वाडीतला माणूस काय करतो? तोंड लावतो आणि फुंकतो. विपुल रोज वीस नळ्या अशा मोकळ्या करायचा. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. धवल फाटकातून ओरडला, पण तोवर नळी विपुलच्या ओठांत गेली होती.

फुंकायला त्याने गाल फुगवले. गाल आत गेले.

आधी विपुलला राग आला. तेवढंच त्याच्या चेहऱ्यावर दिसलं, कोणी कॉलर धरल्यावर यायचा तसा राग. त्याने दोन्ही हातांनी नळी ओढली. ओठ नळीसकट लांबले, पण सुटले नाहीत. छाती पिंजऱ्यासकट आत चेपत गेली. डोळे बाहेर आले.

धवलने त्याला कमरेला मिठी मारून मागे खेचलं. वहिनी धावत आली, तिने धवलला धरून खेचलं. ओठांच्या कडा फाटल्या. रक्त हनुवटीवर आलं नाही, सगळं आत गेलं. विपुलचे हात मडगार्डवर बुक्क्या मारत होते. पत्र्याला खळगे पडले.

"भाऊजी, कोयता," वहिनी म्हणाली. ती ओरडली नाही.

कोयता केळीच्या बुंध्यात खोचलेला होता. पहिला घाव नळीवरून उडाला आणि विपुलच्या खांद्यात गेला. दुसरा नळीवर बसला, पण नळी नुसती चेपली.

तिसऱ्या घावाला ती तुटली.

विपुल मातीवर पडला. तोंडात नळीचा तुकडा. धवलने तो उपटला, त्याबरोबर दाताचा टवका आला. छाती हलत नव्हती.

कारखान्यात शिकवलं होतं तसं त्याने दादाचं नाक दाबलं, तोंडाला तोंड लावलं आणि श्वास भरला.

छाती वर आली नाही.

मागे, जमिनीत ठोकलेला चिखलाचा गोळा फट्‌कन उडाला.

त्याने पुन्हा श्वास भरला. दादाची छाती तशीच सपाट राहिली. मागच्या भोकातून मात्र लांब, ओला उसासा आला. वहिनीने मान वळवून तिकडे बघितलं, मग धवलकडे बघितलं.

तो भरत राहिला. भोक उसासत राहिलं. किती वेळ, कोण जाणे. शेवटी विपुलने डोळे उघडले आणि त्याच्या कानाखाली लगावली.

हॉस्पिटलात ओठाला आणि खांद्याला टाके पडले. फुप्फुसांचा फोटो स्वच्छ आला. डॉक्टरांनी वहिनीला बाजूला घेऊन, भावाभावांत कशावरून जुंपली होती, एवढं विचारलं. वहिनी म्हणाली, गाडीवरून.

उरलेली नळी धवलने गाडीवरून उतरवली आणि भोकात परत उभी केली. जीप फाटकाबाहेर नेऊन लावली. विपुल पूर्वीसारखा जेवू लागला, शिव्या देऊ लागला. धवलला बरं वाटायला हवं होतं.

पण दुपारी विपुल ओट्यावर उताणा झोपला, की त्याच्या पोटावरचं बनियन इस्त्रीच्या कापडासारखं स्थिर असायचं. धवल वाकून बराच वेळ बघत बसे. मग त्याची नजर अंगणाकडे जाई. भरणीची माती अगदी सावकाश वर येई आणि खाली बसे.

एकदा तो अंगणातून आडवा गेला, तर ओट्यावर विपुल ठसकला. मागे सरला, ठसका थांबला. योगायोग म्हणून त्याने पुन्हा पाऊल टाकलं. मग केळीच्या आडून, दादाला दिसणार नाही असं, तिसऱ्यांदा. विपुल उठून बसला आणि गळा चोळू लागला. धवलला स्वतःची किळस आली. त्याने त्या जागेभोवती कुंड्यांची रांग लावली आणि दादाला हात जोडून सांगितलं, की तिथे कोणाला पाय ठेवू देऊ नको.

"तुझ्या डोक्याला लागलंय धवल्या, मला नाही," विपुल म्हणाला. पण आवाज मऊ होता. "बरं, नाही ठेवणार पाय. झालं?"

पुढच्या रविवारी सकाळी धवल वाडीच्या पार टोकाला चाफा खुडत होता. घराकडून रिव्हर्स हॉर्नची धून आली. कसली गाडी आली असेल, हे कळायला त्याला एक क्षण लागला, आणि मग पावसात भरणी खचते म्हणून दादा दरवर्षी आधीच मागवतो तो डेब्रिजचा टिपर आठवला. टोपली टाकून तो केळीतून धावत सुटला.

नेहमीचा ड्रायव्हर रामनाथ, त्याचा टिपर काठोकाठ भरून उलटा फाटकातून शिरत होता. विपुल ओट्यावर चहाचा कप घेऊन बसला होता. दिलेल्या शब्दाप्रमाणे अंगणात पाय ठेवला नव्हता. बसल्या बसल्या मोकळा हात हलवत होता.

"येऊ दे. येऊ दे."

धवल ओरडला. ती धून सगळं गिळून टाकत होती. रामनाथ आरशात बघत होता, आणि आरशात विपुलचा हात होता.

"अजून येऊ दे."

पहिली कुंडी फुटली. मागचं जोडचाक मातीवर चढलं आणि हळूच खाली दबलं.

विपुलने कप बाजूला ठेवला आणि शर्टाचं वरचं बटण काढलं.