मुंडावळ्यांचा फोटो

"अहो, इथं फोटो स्टुडिओ कुठं आहे?"

बर्डीच्या बाजारातल्या एका गल्लीत सायकल पुसत उभ्या असलेल्या माणसाला देवकीनं विचारलं, आणि तो असा ओशाळला की बस्स!

"तुमी त्याच्या दारातच उभ्या आहात जी..."

"बाप्पा! मंग पाटी काहून नाई?"

"आहे न... निंबाच्या फांदीमागं."

देवकी खुदकन हसली. असा हा रुपराव! लग्नाचे फोटो काढावेत तर त्यानंच, पण गिऱ्हाइकाला दुकान सापडेल तर ना! देवकी आली होती काटोलच्या स्थळाला पाठवायचा फोटो काढायला. ते स्थळ तिला मुळीच नको होतं. पण आईला सांगायचं कसं?

"हसा जी थोडं..."

"हसण्यासारखं काय आहे यात?"

तो कॅमेऱ्यामागून बाहेर आला आणि तिच्याकडे बघतच राहिला. देवकीनं लाजून मान खाली घातली, अन् तेव्हा कुठं तिला हसू आलं.

निघताना तीच म्हणाली, "चौकातल्या पानठेल्याजवळ काचेची पेटी लावा. आत एका नवरीचा फोटो. लोक विचारत विचारत येतील."

"नवरी कुठून आणू?"

"मी आहे न!" ती बोलून गेली, आणि जीभ चावली.

रुपरावानं मुंडावळ्या आणल्या. बांधताना गाठ काही बसेचना, तीनदा सोडून त्यानं पुन्हा बांधली.

फोटो लागला आणि दुकान चालू लागलं. पण काटोलच्या मुलाचा मामा नेमका त्याच ठेल्यावर पान खायला थांबला! पेटीतली नवरी त्यानं ओळखली, अन् तिथून तडक देवकीच्या घरी.

"पोरीचं लग्न झालं, अन् आमाले फसवून राहिले?"

स्थळ मोडलं. देवकीच्या आईनं, कांताबाईंनी, कपाळाला हात लावला. मोहल्लाभर बोभाटा! देवकीचा मात्र, खरं सांगायचं तर, जीव भांड्यात पडला. धाकधूक एकच, आता रुपराव तोंड लपवतो की काय?

संध्याकाळी तो आला. फोटो छातीशी धरून, घामाघूम.

"चूक माही आहे, मावशी. पेटीतला फोटो काढून आणला."

"काढून काय होते?" कांताबाई कडाडल्या. "कुवार पोरीले मुंडावळ्या कोणं बांधल्या?"

"म्या..."

"मंग आता तिच्याशी लग्न कोण करन?"

रुपराव बाहीनं फोटोची काच पुसू लागला. देवकी मनातल्या मनात म्हणत होती, बोल ना रे, बोल!

"मी करतो न," तो हळूच म्हणाला. "मले तर... गाठ बांधली तवापासून तेच वाटून राहिलं."

"माह्या मैतरणीचा, रामटेकच्या प्रयागबाईचा पोरगा न तू? मेल्या, हे आधी बोलता नाई आलं?" कांताबाईंनी तोंडाला पदर लावला, पण हसू काही लपलं नाही.

देवकीला हसू आणि रडू एकदमच फुटलं. तिनं फोटो हातात घेऊन नीट पाहिला.

"परत लावा हा. पण नवरी एका बाजूलेच बसली आहे. बाजूची जागा रिकामी काहून?"

"ती म्या मुद्दामच सोडली होती," रुपराव म्हणाला.