बत्तीस पानांचं विद्यापीठ

पान १ : ओळख

बारामतीच्या स्टँडमागं झेरॉक्सचं दुकान. मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठाची माहितीपुस्तिका छापायला दिली होती आणि दुकानवाला मशीनमधून निघणारं एकेक पान चक्क वाचत होता. माझी कळसची एसटी सुटायला आलेली…

"खाजगी ख्रिस्ती विद्यापीठ. मक्याच्या रानात," तो म्हणाला. "मका बघायला एवढ्या लांब कशाला, मॅडम? आमच्या बावड्याला या की."

मी हसले नाही. एसटीत बसल्यावर हसले.

पान ४ : परिसर

एक तळं, एक घंटाघर, अठराशे विद्यार्थी. शास्त्र शिकणाऱ्यानंही कविता वाचायची, कविता शिकणाऱ्यानंही गणित सोडवायचं, अशी तिथली रीत.

दुकानवाल्याचं नाव मल्हार. हे पुस्तिकेत नाही. अंगठ्याला कायम शाई. पान देताना तो अंगठा मागं घ्यायचा, माझ्या कागदाला डाग नको म्हणून. दर दोन दिवसांनी माझं काहीतरी छापायचं राहून जायचं.

पान ७ : श्रद्धा

अर्जात निबंध होता : तुमची श्रद्धा. त्या घंटाघराच्या फोटोकडं बघून मी घाबरले. ख्रिस्ती नसले तर घेतील का? लिहून टाकलं — दर रविवारी मी आजोबांसोबत चर्चमध्ये जाते.

दुकानातल्या कॉम्प्युटरवर माझा अर्ज भरताना मल्हारनं ते वाचलं.

"करुणा, कुठल्या चर्चमधी?"

माझे आजोबा, ज्ञानदेव आबा. छप्पन सालानंतर घरानं बौद्ध धर्म घेतला तेव्हा आठ वर्षांचे होते. देव्हाऱ्यातले देव त्यांनी स्वतः उचलून विहिरीत सोडले. दर रविवारी आम्ही दोघं विहारात असतो.

"पाठव," मी म्हणाले.

त्यानं पाठवलं. मला मान वर करवेना.

पान ७, पुन्हा

प्रवेश मिळाला. आबांनी गावभर सांगितलं, आणि वर ठरवलं की रविवारी सकाळी विहारात माझा निबंध मराठीत वाचायचा. मी म्हटलं, मीच सांगते ना त्यात काय आहे ते. तर म्हणाले, आपलं कौतुक आपण वाचू नये. ज्यानं अर्ज भरला त्या पोराला बोलव.

मल्हार आला. पांढरा शर्ट, हातात कागद. वंदना झाली, आणि तो वाचू लागला… तळं, घंटाघर, गणित आणि कविता. निबंध नव्हताच तो. पुस्तिका वाचत होता. मला वाचवत होता!

मग तो पान अकरावर आला. "कुठल्याही धर्माच्या विद्यार्थ्याचं इथं स्वागत आहे."

पान अकरा मी वाचलंच नव्हतं.

आबा माझ्याकडं बघून हसत होते. ते हसणं सोसेना. मी उठले आणि सांगितलं. चर्च, रविवार, सगळं.

आबा उठून माझ्यासमोर आले.

"पोरी, आमी देव सोडले ते साऱ्या गावादेखत. तू बुद्ध सोडलास तो चोरून." मग हळू म्हणाले, "आधी त्यास्नी खरं कळव. मग जेव."

पान ३२ : संपर्क

जेवायच्या आधी, विहाराच्या पायरीवर, मल्हारच्या फोनवरून मी विद्यापीठाला सगळं लिहून कळवलं. उत्तराला नऊ दिवस लागले. ते दुकानात उघडलं : प्रवेश कायम, श्रद्धेचा निबंध नव्यानं लिहून पाठवा.

मल्हारनं अभिनंदन केलं नाही. रिकाम्या मशीनचं झाकण उघडून पुन्हा लावलं.

"नऊ दिवस मी खंडोबाला एकच मागितलं," तो झाकणाशी बोलल्यासारखा म्हणाला. "तुझी जागा जाऊ दे. लाज वाटती गं मला."

"मी मागणार कुणाकडं, मल्हार? …पण मनात तेच होतं."

त्याच्या अंगठ्यावर मी माझा अंगठा टेकवला. या वेळी त्यानं मागं घेतला नाही.

शाई लागली.

"मी जाणार आहे," मी म्हणाले.

"व्हय. जायलाच पायजे." त्यानं कीबोर्ड पुढं ओढला. "सांग आता. खरं."

"दर रविवारी मी आजोबांसोबत विहारात जाते." मी थांबले. "एका रविवारी एकजण मला वाचवायला तिथं आला होता… पांढरा शर्ट घालून."

"हे बी टाकू?"

"टाक. खरं आहे."