हुप्प्याचे बूट कुठे गेले?

“टाचा खाली,” असं म्हणत निळ्या टी-शर्टातल्या दादाने सार्थकच्या खांद्यांवर हात ठेवले आणि हलकेच दाबले. सार्थक खाली आला. त्याचं डोकं आणि हुप्प्याचा हात यांच्यामध्ये आता दोन बोटांचं अंतर पडलं होतं, आणि ते सगळ्या रांगेला दिसत होतं.

हुप्प्या म्हणजे आनंदगडचं माकड. इंदापूरच्या अलीकडे, हायवेला लागून पसरलेल्या त्या भल्यामोठ्या पार्कात जिकडे बघावं तिकडे तो होता. कचऱ्याच्या डब्यावर तो, पाण्याच्या टाकीवर तो, आणि प्रत्येक मोठ्या खेळाच्या तोंडाशी एका उंच पाटीवर रंगवलेलाही तोच. पिवळी चड्डी, लाल बूट, एक हात कमरेवर आणि दुसरा आडवा पसरलेला. त्या आडव्या हाताला डोकं टेकलं तर आत जायचं. नाही टेकलं तर बाहेर थांबून दुसऱ्यांच्या चपला सांभाळायच्या.

सार्थक चपला सांभाळत उभा राहिला. त्याची मोठी बहीण रेश्मा आणि वालचंदनगरहून सुट्टीला आलेला आतेभाऊ पुष्कर डुलत्या होडीत बसून ओरडून आले. सार्थकला होडीचं काही सोयरसुतक नव्हतं. त्याला धास्ती वेगळीच होती. होडीवरचा हुप्प्या नको म्हणतो, तर गरुडझेपेवरचा हो कसं म्हणेल?

गरुडझेप हायवेवरून दिसायची. आपल्या गावाहून, वरकुट्याहून, कुठेही जायचं म्हटलं की सार्थक एसटीत त्या बाजूची खिडकी धरायचा आणि ते लोखंडी रूळ आभाळात चढून एकदम खाली कोसळताना बघायचा. वर्गात तो सगळ्यांत बुटका. प्रार्थनेच्या रांगेत पहिला नंबर कायमचा त्याचाच. त्या पहिल्या नंबरावरून त्याने वर्षभर सगळ्या वर्गाला सांगून ठेवलं होतं की मे महिन्यात आपण गरुडझेपेत बसणार म्हणजे बसणार. आता शाळा उघडल्यावर तोंड कुठे लपवायचं, हा प्रश्न होता.

दुपारी पार्किंगमधल्या जीपमध्ये बसून सगळ्यांनी आजीने दिलेल्या भाकऱ्या खाल्ल्या. आजी, म्हणजे द्वारकाबाई, म्हशींमुळे घरीच राहिली होती. गाडी चालवून दमलेले सार्थकचे वडील इंद्रजित जीपमध्येच आडवे झाले. आबा, म्हणजे आजोबा हिंदुराव, रसवंती शोधत गेले. मुलं गरुडझेपेकडे निघाली. सार्थक सगळ्यांत मागून, नापासाचा निकाल आणायला चालल्यासारखा.

पाटीजवळचा दादा खुर्चीत बसून मोबाइल बघत होता. त्याने एक डोळा वर करून सार्थककडे पाहिलं, हुप्प्याकडे पाहिलं आणि हात हलवला. “जा.”

सार्थक जागचा हललाच नाही. दादाने पुन्हा हात हलवला, तेव्हा रेश्माने त्याला ओढत आत नेलं.

“भाकरी लागली तुझ्या अंगाला,” पुष्कर म्हणाला. “आणखी एक खाल्ली असतीस तर माझ्याएवढा झाला असतास.”

सार्थक इतका खूश झाला की या चिडवण्यावर तोही हसला. रांग नागमोडी होती, ऊन मरणाचं होतं, तरी त्याला सगळं छान वाटत होतं. पुढे दोन वेण्या घातलेली एक मुलगी वडिलांचं बोट धरून उड्या मारत होती. तिने उडी मारली की पायाखालच्या लाकडी फळ्या धपधप वाजायच्या. फळ्या नव्या होत्या. अजून त्यांना रंधा मारल्याचा वास येत होता.

आणि मग सार्थकच्या डोक्यात एक नसता किडा वळवळायला लागला.

होडीपाशी टाचा उचलूनही तो कसाबसाच पुरला होता. इथे त्याने टाचा उचलल्या नव्हत्या, आणि तरीही हुप्प्याचा हात त्याच्या कपाळाला लागला होता. डोक्याला नव्हे, कपाळाला. रांग वळली तशी त्याने मागे वळून पाटीकडे पाहिलं. तोच हुप्प्या, तीच पिवळी चड्डी, तोच आडवा हात.

“रेश्मे,” तो हळूच म्हणाला, “हुप्प्याचे बूट कुठं गेले?”

रेश्माने बघितलं. होडीवरच्या हुप्प्याच्या पायांत लाल बूट होते. या हुप्प्याला घोट्यापासून खाली पायच नव्हते. पोटरी संपत होती आणि लगेच लाकडी फळ्या सुरू होत होत्या.

रेश्मा हुशार होती. तिने एकदा पायाखाली पाहिलं, एकदा पाटीकडे पाहिलं आणि तिचा चेहराच बदलला. “फळ्या मागनं टाकल्यात,” ती म्हणाली. “फरशी तापत आसंल म्हणून. जमीन वर आली अन् हुप्प्या होता तिथंच ऱ्हायला. तू वाढला न्हाईस सार्थक, तुला पाटावर उभं केलंय.”

पुष्करला हे पटायला वेळ लागला नाही, पण त्याला ते आवडलंही नाही. अर्धी रांग सरली होती. “हे बघ,” तो सार्थकच्या कानाशी लागला, “आधी बसून घे. खाली आल्यावर काय सांगायचं ते सांग. तुला कोण अडवतंय?”

हा सल्ला फार सोयीचा होता. सार्थकला तो मनापासून पटला. एकदा बसायचं, वर्षभराची इच्छा पुरी करायची आणि मग शहाण्या मुलासारखं जाऊन सांगायचं. त्याने रेश्माकडे न बघता मान डोलावली आणि एक पाऊल पुढे सरकला.

तेवढ्यात ती वेणीवाली मुलगी मागे वळली. ती सार्थकपेक्षाही बुटकी होती. “तुला भीती वाटते का?” तिने विचारलं. “मला नाही वाटत. पप्पा म्हणाले, दांडी असते. दांडी घट्ट धरते आपल्याला.”

“वैष्णवी, पुढं बघ,” तिचे वडील म्हणाले.

सार्थकने वर पाहिलं. लोक पाळण्यात बसत होते आणि वरून लोखंडी दांडी मांडीवर येऊन थांबत होती. ती मोठ्यांच्या मांडीवर थांबायची. हुप्प्याच्या हाताला डोकं टेकेल एवढ्या पोरांच्याही मांडीवर थांबायची. त्यासाठी तर तो हात होता. वैष्णवीच्या मांडीपर्यंत ती पोचेल का? आणि आपल्या?

“मी चाललो,” सार्थक म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता.

तिघांनी आधी खुर्चीतल्या दादाला गाठलं. त्याने ऐकून घेतलं, निदान मोबाइलवरून नजर काढल्यासारखं केलं. पाटी कंपनीने लावलेली आहे, लावणाऱ्यांना अक्कल असेलच, बसायचं नसेल तर बाजूला व्हा, असं त्याचं म्हणणं पडलं. होडीवर सार्थकला अडवलं होतं हे सांगितल्यावर तो हसला. तिथे वाकून उभा राहिला असशील, म्हणाला.

रांग पुढे सरकत होती. पुष्करने एकदा वैष्णवीच्या वेण्यांकडे पाहिलं आणि खांदे उडवले. “तुम्ही काहीतरी पुरावा आणा,” तो म्हणाला. “मी तिच्या मागेच राहतो. तिचा नंबर आला तर बघतो काय करता येतं ते.”

पुरावा म्हणजे माप. टेप कुणाकडे नव्हती. दोघं धावत आबांकडे गेली. आबा रसवंतीत होते, पण रस पीत नव्हते. रसवाल्याशी वाद घालत होते. हा ऊस खोडव्याचा, म्हणजे जुन्या बुडख्यावर पुन्हा फुटलेला आहे, तोडून चार दिवस झालेत आणि असला ऊस आपण जनावरालाही घालणार नाही, असं ते त्याला समजावत होते. सबंध आयुष्य उसात गेलेल्या माणसाला ऊस विकत घ्यावा लागला की असंच होतं.

रेश्माने धापा टाकत सगळं सांगितलं. सार्थक नुसता उसाच्या मोळीकडे बघत होता. त्यातल्या एका लांब, सरळ उसाकडे.

“आबा,” तो म्हणाला, “ह्यो ऊस घ्या.”

आबांना लगेच कळलं. एवढा नावं ठेवलेला ऊस त्यांनी मुकाट्याने विकत घेतला. रसवाल्याला त्यातलं काहीच समजलं नाही.

डुलत्या होडीपाशी रेश्माने तो ऊस हुप्प्याला टेकवून जमिनीवर सरळ उभा धरला. हुप्प्याचा हात जिथे आला तिथे आबांनी अंगठ्याच्या नखाने सालीवर खोल ओरखडा काढला. मग ती वरात गरुडझेपेकडे निघाली. वाटेत एका रखवालदाराने बाहेरचं खाणं आणायला बंदी आहे म्हणून अडवलं. आतलंच आहे आणि खाण्याच्या लायकीचं नाही, असं आबांनी त्याला ऐकवलं. एवढं बोलूनही चालता चालता त्यांनी सवयीने उसाचा शेंडा दाताखाली धरला आणि सोलायला सुरुवात केली. रेश्माचं लक्ष गेलं तेव्हा ते खुणेपासून एका पेरावर येऊन ठेपले होते.

“आबा, माप खाताय तुमी!”

आबांनी ऊस तोंडातून काढला आणि पुढची वाट तो खांद्यावर घेऊन ते चालले.

गरुडझेपेपाशी गोंधळ माजला होता. वैष्णवी वडिलांशेजारी पाळण्यात बसलेली दिसत होती. तिच्या मागच्या पाळण्यात पुष्कर उभा होता. त्याचा पट्टा लागत नव्हता. लागला, तर टोचत होता. टोचायचा थांबला, तर त्याचा एक बूट खाली पडला होता. पट्टे तपासणारा माणूस घामाघूम झाला होता आणि खालची रांग ओरडत होती. हा आरडाओरडा ऐकून पार्कचे मॅनेजर नागेश सर तिथे येऊन पोचले होते.

“साहेब, ही पाटी बघा,” आबा म्हणाले.

खुर्चीतला दादा आता उभा होता. पोरांचं काही ऐकू नका, उभं राहण्यात फरक पडतोच, असं त्याने सरांना घाईघाईने सांगितलं. सरांनाही ते पटलेलं दिसलं.

सार्थकने आबांकडून ऊस घेतला आणि फळ्यांवर, हुप्प्याच्या शेजारी उभा केला. नखाची खूण हुप्प्याच्या हाताच्या चांगली चार बोटं वर गेली.

“तुमच्या होडीवरच्या हुप्प्याचं माप हाय हे,” आबा म्हणाले. “माणसाचं सोडा साहेब. ऊस टाचा उचलत न्हाय.”

रांगेतले लोक हसले. नागेश सर हसले नाहीत. ते गुडघ्यांवर बसले आणि दोन फळ्यांच्या फटीला डोळा लावला. खाली हुप्प्याचे लाल बूट होते, नव्यासारखे. सर ताडकन उठले आणि दोन्ही हात वर करून त्यांनी पाळणे थांबवायला सांगितलं.

वैष्णवीजवळ जाऊन त्यांनी मांडीवरची दांडी बघितली. दांडी तिच्या वडिलांच्या मांडीला घट्ट बसली होती. वैष्णवीच्या मांडीवर ती बसलीच नव्हती. तिच्या पोटात आणि दांडीत एक उशी आरामात मावली असती. सरांनी त्या जागेत आपला हात घातला आणि बाहेर काढला. तिच्या वडिलांनी तो हात पाहिला. त्यांनी लेकीला उचलून छातीशी धरलं आणि खाली आल्यावर सार्थकचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्यांना बोलायचं होतं, पण जमलं नाही. वैष्णवीला मात्र जमलं. “ह्याच्यामुळे मला उतरवलं,” असं सगळ्यांना सांगून ती मोठ्याने रडायला लागली.

फळ्या उपटल्या गेल्या. दादाची खुर्ची आणि मोबाइल दोन्ही जप्त झाली. हुप्प्या पुन्हा आपल्या पायांवर उभा राहिला आणि रांगेतल्या प्रत्येक पोराला परत मोजलं. पहिला मोजला गेला तो सार्थक. दोन बोटं कमी.

नागेश सरांनी सगळ्या लोकांसमोर त्याची पाठ थोपटली. इतकी माणसं रोज या पाटीवरून जातात, मीही जातो, आणि बूट नाहीत हे एकट्या तुलाच दिसलं, असं ते म्हणाले. मग म्हणाले, “माग, काय बक्षीस हवं?”

“गरुडझेपेत बसवा,” सार्थक म्हणाला.

“ते सोडून माग बाळा,” सर म्हणाले. सार्थकला त्यावेगळं काही नको होतं.

शेवटी सरांनी त्याच्याऐवजी त्याच्या घरच्यांना पुढची तीन आसनं दिली. पुष्करने आपलं आसन नको म्हणून पाहिलं, पण सार्थकनेच त्याला ढकललं. उरलेल्या तिसऱ्या आसनावर, सार्थकच्या जागी, त्याच्याच आग्रहावरून आबा बसले. सार्थक चपला सांभाळत खाली उभा राहिला आणि पाळणा आभाळात चढून एकदम कोसळला तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले. भीतीने नव्हे, वाईट वाटलं म्हणून.

आबा उतरले तेव्हा टोपी मुठीत होती आणि पाय लटपटत होते. “हॅ, काय न्हाय त्यात,” ते मोठ्याने म्हणाले. “आपला ट्रॅक्टर ह्यापरीस जास्त हादरतोय.” रेश्मा आणि पुष्करने एकमेकांकडे पाहिलं आणि माना डोलावल्या. मग ती दोघं पाणी आणायला गेली.

आबांनी सार्थकच्या खांद्यावर हात टाकला. “त्यात कुणीबी बसतंय,” ते म्हणाले. “रांगेतनं माघारी फिरायला काळीज लागतं. ते आज तुझं बघितलं मी.”

सार्थकने मान वर केली. “आबा, खरं सांगा. कसं हाय वर?”

आजच्या दिवशी या पोराशी खोटं बोलणं आबांच्या जिवावर आलं.

“लई भारी हाय रं,” ते हळू आवाजात म्हणाले. “सगळं उजनीचं पाणी दिसतंय वरनं. अन् खाली येताना पोटात कायबी उरत न्हाय. लई भारी हाय.”

सार्थकचे डोळे भरून आले. त्याने शर्टाच्या बाहीला नाक पुसलं आणि आबांच्या शेजारची पायरी हाताने झाडली.

“बसा हितं,” तो म्हणाला. “पहिल्यापासनं सांगा.”

आबांनी बसकण मारली, टोपी मांडीवर ठेवली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.