दोन मिलीलिटर कमी

गॅरेजातल्या कामाच्या बाकावर पिस्टनचे दोन खोके होते आणि बाकाच्या दोन बाजूंना मायलेकी. तीन दिवस झाले, एकही मागे हटत नव्हती.

एका खोक्यात चपट्या माथ्याचे चार पिस्टन, दुसऱ्यात घुमटासारखे फुगीर. चपटे घातले की इंजिनचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, दहावर बसणार, फुगीर घातले की बारावर. रविवारी घाटात शर्यत होती आणि लेकीला बारा हवं होतं.

"चपटे घालून मी काय हवा खायला जाऊ?"

"आणि फुगीर झेपले नाहीत, माथ्याला भोक पडलं, ऐन वळणावर इंजिन आवळून जाम झालं, तर? खाली गादी नाही घातलेली कुणी, दरी आहे. तुझे बाबा काय सांगायचे?"

"बाबा सगळ्यालाच भ्यायचे."

"भ्यायचे म्हणून तर म्हातारे झाले. अंथरुणात गेले, दरीत नाही."

आई शाळेत फार टिकली नव्हती, पण या बाकाशी तिनं तीस वर्षं काढली होती. गाडी दारात यायच्या आधी तिच्या आवाजावरून दुखणं सांगायची. असल्या बाईचा शब्द पोटच्या पोरीनं उडवून लावायचा म्हणजे काय!

"मोज तरी नीट," ती म्हणाली, "मग नाच."

लेकीनं इंजिनचं हेड, म्हणजे वरचं झाकण, दोन ठोकळ्यांवर उताणं ठेवलं. त्यात चार खळगे. पिस्टन वर येऊन हवा दाबतो ती हीच जागा. खळगा जितका लहान, तितका दाब जास्त. प्रत्येकाच्या तळाशी स्पार्क प्लगचं भोक. तिनं चारही प्लग घट्ट पिळले, खळग्यावर भोकाची काच ठेवली आणि त्या भोकातून, मापाच्या खुणा असलेल्या नळीनं पातळ तेल सोडलं.

पहिला चव्वेचाळीस मिलीलिटर. दुसरा चव्वेचाळीस. तिसराही. चौथा बेचाळीस.

"काच तिरकी ठेवलीस."

परत मोजलं. बेचाळीसच.

दुसऱ्या दिवशी चौथा चव्वेचाळीस भरला आणि दुसरा बेचाळीस. धातू म्हणजे काही दूध नव्हे, रात्रीतून आटायला. लेकीनं नळीला शिव्या घातल्या आणि नवी नळी आणली. दुपारी पहिल्या खळग्यात दोन कमी.

"असं असेल तर फुगीर पिस्टन तेराकडे जातील," लेक पुटपुटली. "तेरा नाही झेपणार. पण आहे कुठे दोन मिलीलिटर? आत तर काहीच नाही!"

हे दोन मिलीलिटर आईच्या ओळखीचे होते.

तिचा नवरा मोजायला बसला की प्लग लावायचाच नाही. कोण पिळत बसणार, म्हणायचा. हेडखालून हात घालून करंगळी प्लगच्या भोकात खुपसायचा. करंगळीचं टोक आत यायचं आणि माप दोननं कमी भरायचं. तेवढे तो मनात मिळवायचा. काम झालं की तेलकट करंगळी हिच्या उजव्या खांद्यावर, ॲप्रनला मागून पुसायची. "माझा खांदा म्हणजे तुमचं फडकं आहे का?" ती रोज ओरडायची. तो रोज हसायचा. त्याला जाऊन वर्ष झालं होतं.

ती वाकली. प्लग जागेवर होता, घट्ट, कोरडा. तिनं हेडखाली हात घातला.

तिथली जागा कोमट होती. कुणी आत्ताच उठून गेलेल्या खुर्चीसारखी.

"काय गं आई?"

"काही नाही."

"मग हात का नाही काढत?"

आईनं मान वर केली. लेकीनं जन्मात पहिल्यांदा ते तोंड एकाही टोमण्याशिवाय पाहिलं. लेक नळीकडे बघत राहिली. बेचाळीस. मग हळूच म्हणाली, "बाबा भोकात करंगळी घालायचे, ती एवढीच असायची ना गं?"

"एवढीच."

बाहेर एक ट्रक गेला. काच थरथरली नाही.

"बरं," लेक म्हणाली. आईला नाही, हेडला. "चपटे घालते. नक्की."

काचेखाली एक बुडबुडा आला.

तेल खाली बसलं. सावकाश, कुणी जपून बोट काढून घ्यावं तसं. लेकीनं नळी उघडली. आणखी दोन मावले.

चव्वेचाळीस.

रविवारी संध्याकाळी लेक धुळीनं माखून, चरफडत दारात आली. "सातवी! सगळ्या जगासमोर सातवी!"

"घरी आलीस ना? हात धू, जेवायला बस."

ती आत गेल्यावर आईनं खुंटीवरचा ॲप्रन काढला. सकाळीच धुऊन वाळवून ठेवलेला, अजून अंगात न घातलेला. उजव्या खांद्यावर, मागच्या बाजूला, करंगळीएवढा तेलाचा पट्टा होता.

ओला.

या वेळी ती ओरडली नाही. ॲप्रन तिनं तसाच अंगात चढवला.